विश्रांतीचं कलम

शाहूपुरीत एस.टी. स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर, बॅटऱ्यांच्या एका दुकानाच्या वर, आमच्या खासदारांचं संपर्क कार्यालय होतं. तिथं मी काही वर्षं कामाला होते. वकिलीची सनद माझ्याकडे आहे, पण कोर्टात माझं कधी जमलं नाही. समोरच्यानं आवाज चढवला की माझे मुद्दे जागच्या जागी थिजायचे. मग ओळखीतल्या कुणीतरी साहेबांकडे शब्द टाकला आणि मी त्या ऑफिसात पत्रं लिहायला बसले. पासपोर्ट अडला, दिल्लीच्या हॉस्पिटलात बेड मिळत नाही, गावात मोबाइलचा टॉवर पाहिजे, गावात मोबाइलचा टॉवर नको. दिवसभर असली पत्रं. खाली साहेबांची सही, म्हणजे सहीचा शिक्का.

मी लग्न केलं नाही. आई होती तोवर घर म्हणून एक जागा होती. ती गेली आणि फ्लॅट राहिला. भाऊ पुण्याला, तो आठवड्यातनं एकदा फोन करतो, तब्येत विचारतो, आणि मग दोघांनाही पुढं काय बोलायचं ते सुचत नाही. शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की सोमवारी सकाळी ऑफिसातल्या शिपाईमामांना 'चहा सांगा' म्हणेपर्यंत माझ्या तोंडातनं शब्द निघत नसे. एका सोमवारी आवाजच फुटेना, तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं. त्यानंतर मी रविवारीही ऑफिस उघडायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, पण खालचा बॅटरीवाला तरी 'काय मॅडम, आज पण?' म्हणायचा.

अशातच रेल्वेचं ते प्रकरण झालं. आमच्याच मार्गावर एका स्टेशनाच्या अलीकडे एक मालगाडी लाल सिग्नल ओलांडून पुढं गेली. पुढं पॅसेंजर उभी होती. मालगाडी थांबली, कुणाला खरचटलंही नाही. पण इंजिनातले दोघं किती वेळ सलग ड्युटीवर होते, ही बातमी कुठून तरी फुटली. साहेब त्या दिवशी एका नव्या गाडीला झेंडा दाखवायला स्टेशनात आले होते. पत्रकारांनी गराडा घातला. साहेब म्हणाले, "मी या विषयावर संसदेत विधेयक आणणार आहे."

ऑफिसात येऊन त्यांनी मला आत बोलावलं.

"मॅडम, तुम्ही वकील हाय न्हवं?"

"हो साहेब."

"मग करा की एक विधेयक. चार-पाच पानांचं. रेल्वेची सुरक्षा."

जो मंत्री नाही अशा कुठल्याही खासदाराला स्वतःचं विधेयक मांडता येतं. अधिवेशन चालू असताना त्यासाठी शुक्रवारची दुपार राखून ठेवलेली असते, आणि शुक्रवारी दुपारी बहुतेक खासदार आपापल्या मतदारसंघाच्या वाटेला लागलेले असतात. अशा विधेयकांचा कायदा जवळजवळ कधीच होत नाही. हे साहेबांना ठाऊक होतं आणि मलाही. तरी त्या दिवशी मी घरी जाताना चालतच गेले, रिक्षा केली नाही. कितीतरी वर्षांनी मला कुणीतरी कायद्याचं काम सांगितलं होतं.

मी वाचायला लागले. चालकांच्या ड्युटीचे तास, विश्रांती, हे सगळं नियमांत होतं. पण नियम खात्यानं केलेले असतात आणि ते सैल करायचा अधिकारही खात्याकडेच असतो. संसदेनं केलेल्या कायद्यातच ती मर्यादा घातली, तर ती मोडायला पुन्हा संसदेतच जावं लागेल. माझ्या विधेयकाचा कणा हाच होता. त्याच्या जोडीला मी अजून दोन कलमं लिहिली. ब्रेक आणि चाकांचे जे भाग कारखान्यांतून येतात त्यांची तपासणी बाहेरच्या तज्ज्ञांनी करावी, आणि अपघाताच्या चौकशीचा अहवाल ठरावीक मुदतीत संसदेपुढे यावा. साहेबांनी मसुद्यावर नजर फिरवली, 'झकास' म्हणाले आणि एका स्थानिक पेपरात त्याची छोटी बातमी आली.

ती बातमी वाचून ती आली.

रविवारची दुपार होती. दारात एक पस्तिशीच्या आतली बाई उभी. खांद्याला मोठी सॅक, केस घट्ट बांधलेले, पायात जाड बूट.

"हितं रेल्वेचा कायदा करत्यात ते हापिस हेच का?"

मला हसू आलं. "हेच. या, बसा."

ती मालगाडीवर सहायक चालक होती. मिरजेला नेमणूक, तिथंच भाड्याची खोली. गाव शाहूवाडीकडचं. तिकडं आई एकटीच असायची. सुट्टी मिळाली की मिरजेहून रेल्वेनं कोल्हापूर, मग स्टँडवर जाऊन शाहूवाडीची एस.टी. मधल्या वेळेत ती आमच्याकडे आली होती.

मी पाण्याचा ग्लास पुढं केला. तिनं ओठ ओले करून तो खाली ठेवला.

"घ्या की पाणी. उन्हातनं आलाय."

"सवय न्हाय हो. ड्युटीच्या आधी पाणी प्यायचं न्हाय आनि ड्युटीत प्यायचं न्हाय. आता सुट्टीतबी ध्येनात ऱ्हात न्हाय." मग म्हणाली, "इंजनात बाथरूम नसतंय, मॅडम. तुमास्नी ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. म्हणजे कधी विचारच केला नव्हता.

"बापय मानसं कुटंबी उतरत्यात. मी काय करू? गाडी कुटं थांबंल त्याचा नेम न्हाय. थांबली तरी रानात. अंधार असला तर भ्या वाटतंय, उजेड असला तर लाज वाटती." हे तिनं एस.टी. उशिरा सुटली असं सांगावं तसं सांगितलं. "माझं सायेब लोक चांगलं हायत. चांगलं हायत म्हनून तर सांगायचं कसं, हा प्रश्न."

सायेब म्हणजे मुख्य चालक, ज्याच्या हाताखाली ती बसते तो.

मी विश्रांतीचं कलम तिला वाचून दाखवलं. इंग्रजी होतं, मी मराठीत सांगत गेले. तिनं शांतपणे ऐकलं.

"नियम हायत की आताबी," ती म्हणाली. "पर त्येला शेपूट हाय. अपवादात्मक परिस्थिती असंल तर थांबवून घ्यायचं. आमची परिस्थिती रोजच अपवादात्मक असती. ती शेपूट काडा तेवढी."

मग घड्याळाकडे बघून ती उठली. दारात म्हणाली, "माझं नाव कुटं घालू नका. नोकरीचा प्रश्न हाय. येतो मॅडम."

त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत बसून दोन बदल केले. अपवादाची शेपूट काढली आणि इंजिनात स्वच्छतागृह असावं, असं नवं कलम घातलं.

पुढच्या सुट्टीला ती परत आली, मग त्याच्या पुढच्याही. सुट्टीचा वार ठरलेला नसायचा. कधी रविवारी, कधी मंगळवारी दुपारी, ऑफिसात माणसं असताना. अशा वेळी ती बाहेरच्या बाकावर पत्राला आलेल्या माणसासारखी बसून राहायची आणि गर्दी पांगली की आत यायची. मी मॅडमची ताई झाले. मी तिला अगं-तुगं करायला लागले. डब्यात मी एकीपुरतं आणायचे, ते दोघींपुरतं आणायला लागले. ती आली नाही की रात्री तेच परत खायचे. परतीच्या वाटेवर ती कधी कधी गावचा तांदूळ आणायची, आणि मी तो आठवडाभर एकटीच रांधायचे.

तिच्या नोकरीत मला सगळ्यात लक्षात राहिलं ते बोलण्याचं. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की दोघांनीही त्याचा रंग मोठ्यानं सांगायचा असतो, म्हणजे चूक होत नाही. ती म्हणायची, "हिरवा. मग सायेब म्हनत्यात, हिरवा. मग पुढचा येतोय, पिवळा. त्यांचंबी, पिवळा. एकादी ड्युटी अशी जाती की त्येच्याशिवाय दुसरं बोलनंच हुत न्हाय. खोलीवर आल्यावर आईला फोन लावतो तर आई झोपलेली असती."

"मग काय करतेस?"

"काय करायचं. हातपाय धुतो, झोपतो. झोप लागस्तोवर कानात तेच, हिरवा, पिवळा."

मी तिला माझ्या सोमवारच्या आवाजाचं सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं. ती हसली नाही. म्हणाली, "मग मोठ्यांदा काय तरी वाचत जावा की ताई. पेपर वाचा." मी खरंच काही दिवस सकाळी पेपर मोठ्यानं वाचला. शेजारच्या बाईंनी विचारलं, पाहुणे आलेत का.

विधेयकात एक भाग असतो, उद्देश आणि कारणे. हे विधेयक कशासाठी, ते साध्या भाषेत सांगायचं. तो लिहिताना मी तिला विचारलं, तुला एकच वाक्य सांगायचं असेल तर काय सांगशील? ती म्हणाली, "झोप आलेल्या मानसाला शिक्षेचं भ्या घालून जागं ठेवता येत न्हाय, एवढं लिवा." मी ते इंग्रजीत उतरवलं.

मग माणसं यायला लागली.

पहिले आले एक फाउंड्रीमालक. गाड्यांना लागणारं ओतकाम त्यांच्याकडून जायचं. निवडणुकीत साहेबांच्या गाड्यांना डिझेल कुठून येतं, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. माणूस अगदी सौम्य. माझ्यासमोर बसले, मला वहिनी म्हणावं की मॅडम, असा एक क्षण घोटाळले आणि मॅडम म्हणाले.

"मॅडम, तुमचा हेतू चांगलाय. पण आमचा माल आताच इतक्या ठिकाणी तपासला जातो. त्यात बाहेरचा अजून एक शिक्का. त्या शिक्क्यासाठी माल महिनोन्महिने गोडाऊनला पडून राहणार. माझ्याकडची पोरं भट्टीपुढं उभी राहत्यात. त्यांचा पगार मी शिक्का मिळाल्यावर देऊ का?"

मी म्हणाले, "पण एखादा भाग खराब निघाला तर?"

"आमचा निघत नाही," ते म्हणाले. आणि मला वाटतं, ते खरंच तसं मानत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "ते तपासणीचं काढा. सविस्तर नंतर बोलू." नंतर कधी बोललो नाही. मी ते कलम काढलं. मला त्याचं फार दुःख झालं नाही, कारण माझा जीव विश्रांतीच्या कलमात होता.

मग चौकशी अहवालाचं कलम गेलं. साहेबांचा पक्ष सत्तेत होता. दिल्लीत त्यांना कुणीतरी जिन्यात गाठून सांगितलं म्हणे, की आपल्याच मंत्र्यांना अडचणीत आणणारं काही नको. साहेब त्या दिवशी वैतागले होते. "आपलं मंत्रिपद राहिलं बाजूला, पुढच्या तिकिटाचं बघायचं हाय मला," असं माझ्यासमोर बोलून गेले. मग ओशाळले आणि आपल्या मुलाच्या शाळेविषयी बोलायला लागले.

विश्रांतीच्या कलमासाठी चालकांच्या एका संघटनेचे पुढारी आले. मला वाटलं, हे तरी पाठ थोपटतील. निवृत्तीला टेकलेले गृहस्थ, आवाज पहाडी, बॅटरीच्या दुकानापर्यंत ऐकू जाणारा.

"बाई, तुम्ही आमच्या लोकांशी बोललाय का?"

"बोललेय," मी म्हणाले. पण नाव सांगता येत नव्हतं.

"मग अर्धंच बोललाय. माझ्याकडं पोरं येतात ती काय म्हणतात ऐका. तास कमी करा म्हणणारी थोडी. किलोमीटर वाढवून द्या म्हणणारी जास्त. भत्ता किलोमीटरवर मिळतो. तुम्ही तासाला कुलूप घातलं की भत्ता खाली. त्यांच्या घराचे हप्ते तुमचे साहेब भरणार का?"

"मग झोपेचं काय?"

"माणसं वाढवा. जागा रिकाम्या पडल्यात त्या भरा. आम्ही गेली कित्येक वर्षं तेच सांगतोय. ते न करता नुसता कायदा केला तर गाड्या रद्द होतील. मग लोक आम्हाला शिव्या घालतील. आणि एक सांगतो, राग मानू नका. हे आम्ही लढून मिळवायचं. खासदारानं दिलं म्हणून नाही."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. मी विचार करत राहिले. माणसं वाढवा, हे बरोबरच होतं. पण ते विधेयकात घालायचं म्हणजे सरकारी तिजोरीतनं खर्च, आणि खर्चाचं विधेयक पुढं न्यायचं तर राष्ट्रपतींची वेगळी शिफारस लागते, म्हणजे ते तिथंच बसलं.

त्याच आठवड्यात प्रवाशांचं शिष्टमंडळ आलं. त्यांना नवी गाडी हवी होती, आहे त्या गाड्यांचा वेग वाढवून हवा होता, आणि चालकांचे तास कमी केल्यानं गाडी रद्द होणार असेल तर तसा कायदा नको होता. त्यांच्यातल्या एका बाईंची मुलगी रोज हातकणंगल्याहून कॉलेजला ये-जा करायची. गाडी चुकली की मुलीला अंधार होतो, असं त्या सांगत होत्या. त्यांचंही खरंच होतं.

हे सगळं मी तिला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, निदान संघटनेच्या माणसावर. ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "व्हय, म्हनत्यात तसं. आमच्यातलीच म्हनत्यात. ज्येंची पोरं शाळंत हायत त्यास्नी भत्ता पायजे. माझं तसं न्हाय म्हनून मी विश्रांती मागतो."

"मग मी काय करू?"

"तुमी कशाला इचारताय मला? तुमी वकील."

त्या दिवशी तिची एस.टी. चुकली. पुढची गाडी येईपर्यंत आम्ही स्टँडवर बाकावर बसलो. फार बोललो नाही. माझ्या आयुष्यातल्या बऱ्या दुपारींपैकी ती एक होती.

अधिवेशन जवळ आलं तेव्हा साहेब कोल्हापुरात होते. मी छापील मसुदा घेऊन आत गेले. दोनच कलमं उरली होती, विश्रांती आणि स्वच्छतागृह. साहेबांनी चष्मा वर केला.

"हे दुसरं, मॅडम. संसदेत हे बोलायचं कसं? लोक हसतील."

"साहेब, बायका त्या नोकरीत आहेत. त्या पाणी पीत नाहीत."

"पटतंय हो मला."

"मग राहू द्या ना. एवढंच राहू द्या."

मी इतक्या स्पष्टपणे त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते माझ्याकडे जरा नवलानं बघत राहिले. "बघू," म्हणाले. "दिल्लीचा मुलगा फायनल करतो, त्याला सांगतो."

दिल्लीचा मुलगा म्हणजे त्यांचा तिथला सहायक. फोनवर तो फार गोड बोलायचा. त्यानं फायनल केलं, ते दोन आठवड्यांनी ईमेलनं माझ्याकडे आलं. विधेयकाचं नाव आधीपेक्षा लांबलचक झालं होतं. आत मुख्य कलम एकच. गाड्या चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांचे कामाचे तास, विश्रांती आणि सुविधा यांचा अभ्यास करण्यासाठी सरकारनं एक समिती नेमावी. समितीनं अहवाल कधी द्यावा, हे लिहिलं नव्हतं. मी वर-खाली दोनदा शोधलं. मागं उद्देश आणि कारणे मात्र होते तसेच होते, कदाचित ते कुणी वाचलेच नसावेत. तिचं वाक्य तिथं होतं.

ज्या शुक्रवारी साहेबांनी ते मांडलं, त्या दिवशी मी ऑफिसातल्या टीव्हीपुढं बसले होते. शिपाईमामा बँकेत गेले होते. पीठासीन अधिकाऱ्यांनी नाव पुकारलं, साहेब उठले, विधेयक मांडायची परवानगी मागितली. दोन-चार आवाज 'हो' म्हणाले. साहेब बसले आणि दुसऱ्या खासदारांचं नाव पुकारलं गेलं. गॅसवर ठेवलेल्या चहाला अजून उकळीही आली नव्हती. मागची बाकं रिकामी दिसत होती.

मी तिला फोन लावला. बंद होता. ड्युटीवर असताना त्यांना फोन बंद ठेवावा लागतो. मग भावाला लावला. तो मीटिंगमध्ये होता, 'नंतर करतो' म्हणाला. मी चहा गाळून घेतला आणि प्यायले.

ती पुढच्या सुट्टीला आली तेव्हा मी तिच्यापुढं ते पान ठेवलं. ती इंग्रजी सावकाश वाचायची, ओळीवर बोट ठेवून. सगळं वाचून झाल्यावर म्हणाली,

"ताई, ह्यात विश्रांती कुटं हाय?"

मी समितीचं समजावून सांगितलं. समिती नेमली जाईल, ती अभ्यास करेल, शिफारस करेल. बोलता बोलता माझं मलाच ऐकवेना. ती मान हलवत राहिली. मग तिनं पान माझ्याकडे सरकवलं आणि माझ्याच खांद्यावर हात ठेवला.

"बरं हाय की. काय नसल्यापरास समिती बरी. आनि माझं वाक्य घातलंय तुमी."

मला समजावण्यासाठी ती तसं म्हणत होती, हे मला कळत होतं. त्या दिवशी ती जेवली, डबा धुऊन ठेवला आणि नेहमीच्या वेळेला निघाली. आमच्यात काही बिनसलं नाही. पण नंतरच्या पावसाळ्यात तिच्या आईचे गुडघे अगदीच गेले. दवाखाना मिरजेलाच बरा म्हणून तिनं आईला खोलीवर आणलं. गावचं घर बंद केलं. मग तिला कोल्हापूरवरून जायचं कारण उरलं नाही. सुरुवातीला फोन व्हायचे, पण तिच्या झोपेच्या वेळा सांभाळून करायचे म्हणजे अवघडच. मी करायला घेतला की वाटायचं, आता झोपली असेल.

काही दिवस मी दोघींचाच डबा नेत राहिले. शिपाईमामांना द्यायचे अर्धा. मग एकीचा न्यायला लागले.

लोकसभेची मुदत संपली. सभागृह बरखास्त झालं की खासदारांची अशी सगळी विधेयकं आपोआप रद्द होतात, त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. साहेबांना तिकीट मिळालं नाही. ऑफिसची जागा सोडली, खुर्च्या एका टेम्पोतून कुणाच्या तरी कारखान्यावर गेल्या. त्या वेळी फाउंड्रीमालक भेटले होते. त्यांनी आपुलकीनं विचारलं, मॅडम, आता कुठं? माझ्याकडं लिखापढीला या, म्हणाले. मी गेले नाही. आता मी कसबा बावड्याला कोर्टाजवळ एका वकिलांच्या हाताखाली भाषांतरं करते. जुनी खरेदीखतं, जबाब, असलं.

मागच्या हिवाळ्यात एका कामासाठी मला मिरजेला जायचं होतं. आदल्या दिवशी मी तिला फोन केला.

"या की ताई," ती म्हणाली. "मी आता घरीच असतो बऱ्यापैकी. जेवायलाच या."

खोली दवाखान्याच्या मागच्या गल्लीत होती. आई पलंगावर बसून मेथी निवडत होती. माझी मैत्रीण थोडी जाड झाली होती, चेहरा उजळला होता. तिला मूतखड्याचा त्रास झाला होता. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर तिला गाडीवरून उतरवलं होतं आणि ऑफिसचं काम दिलं होतं. गाडीवरच्या लोकांना ड्युटी लावायची, फोन करून बोलवायचं.

"सुटलीस म्हणजे," मी म्हणाले.

"सुटलो की."

जेवताना तिचा फोन वाजला. सुट्टी होती, तरी तिच्या ऑफिसातला दुसऱ्या पाळीचा माणूस आजारी पडला होता आणि एका चालकाला तिनंच फोन करावा, असं वरून सांगणं आलं. ती उष्ट्या हातानं उठली नाही. डाव्या हातानं नंबर लावला, फोन जमिनीवर ठेवला आणि आवाज मोठा केला.

पलीकडचा माणूस झोपेतनं उठला होता. "ताई, आत्ताच आलोय ओ मी. डोळा लागला न लागला तोवर."

"म्हाईत हाय मला."

"विश्रांती पुरी झालेली न्हाय माझी. बघा की तुमी, दिसत असंल तितं."

ती ताटाकडे बघत होती. "दिसतंय. पर मानूस न्हाय दुसरा. वरनं सांगितलंय."

पलीकडं खाटेची करकर ऐकू आली. मग तो म्हणाला, "बरं. येतो."

फोन बंद झाला. तिची आई मेथी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आदी ही निदान येऊन झोपायची तरी. आता घरात बसून दुसऱ्यास्नी उठवती."

"आई," ती म्हणाली.

ती चिडली नव्हती. तिनं माझ्या ताटात आमटी वाढली. मी नको म्हणाले तरी वाढली. जेवण झाल्यावर आम्ही तिच्या आईच्या गुडघ्याबद्दल बोललो, कुठल्या डॉक्टरचा हात चांगला, कुठलं तेल चोळायचं.

ती मला स्टेशनपर्यंत सोडायला आली. कोल्हापूरची गाडी लागली होती. खिडकीशी जागा मिळाली. ती बाहेर प्लॅटफॉर्मवर उभी राहून एका इंजिनाकडे बघत होती, दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीच्या.

"मगाचा त्यो चालक बरा मानूस हाय," ती एकदम म्हणाली. "सावध असतोय गाडीवर."

"हो," मी म्हणाले.

"पोचल्यावर फोन करा."

गाडी सुटली. ती थोडं अंतर बरोबर चालली आणि मग जिन्याकडे वळली. माझ्यासमोर एक बाई पेरू कापून मुलांना देत होती. तिनं एक फोड माझ्यापुढंही धरली, मी घेतली. रुकडीच्या पुढं गाडी बराच वेळ थांबून राहिली. डब्यातली माणसं कुरकुरायला लागली, कुणी मोबाइल काढले, कुणी दारात जाऊन वाकून बघून आलं. मी पंचगंगेच्या अंगाला बघत बसले.

घरी पोचल्यावर मी तिला फोन केला. उचलला नाही. कामाला बसली असेल, किंवा झोपली असेल. मी पोचले, एवढा मेसेज टाकला. मग सकाळची आमटी गरम करायला ठेवली.